भारी आहे बे!

तर झालं असं की परवा सुट्टीत वर्ध्याला घरी गेलो होतो. बजाज चौकात चहा पिताना कॉलेजचा एक जुना मित्र भेटला. दोन वर्षांपूर्वी त्याने एक शॉर्ट फिल्म केली होती, २२ मिनिटांची. कापूस घेऊन हिंगणघाटच्या बाजारात निघालेल्या शेतकऱ्याची गोष्ट. पैसे स्वतःचे, थोडे मेहुण्याकडून उसने. फायनल करायच्या आधी त्याने मला ती लॅपटॉपवर दाखवली होती आणि मी एकच वाक्य बोललो होतो, "भारी आहे बे!"

खरं काय वाटलं होतं? की शेतकरी पुस्तकी मराठी बोलतो. की त्याची बायको रडण्यापलीकडे काहीच करत नाही. की बासरीखाली संवाद दबतात. हे सगळं मला त्याच रात्री दिसलं होतं. पण तो इतका खूष होता की... असो. फिल्म सात-आठ महोत्सवांना गेली, प्रत्येकाची फी भरली, कुठेच निवड झाली नाही. परवा बोलता बोलता मी हे मुद्दे सांगून बसलो. तो शांतपणे म्हणाला, "तुले तवाच दिसलं होतं न? मंग सांगतलं काऊन नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गंमत म्हणजे ऑफिसात मी हेच काम रोज करतो. दुसऱ्याचा कोड वाचायचा आणि कुठल्या ओळीत काय चुकतंय ते लिहायचं. तिथे 'भारी आहे' एवढंच लिहिलं तर लोक हसतील. मित्राच्या फिल्मला मात्र आपण तेच देतो.

मोठ्या सिनेमात नाही म्हणणारे पुष्कळ असतात. निर्माता असतो, वितरक असतो. स्वतःच्या पैशाने फिल्म करणाऱ्याला अडवणारं कुणी नसतं. ते त्याचं स्वातंत्र्य, आणि धोकाही तोच. त्याला वेळेवर सांगू शकतात ते फक्त मित्र. तेच घाबरले की संपलं.

आपल्याकडे दुसरा प्रकारही आहे. "मोठा आला पिच्चर काढणारा!" या पाय ओढण्याची भीती असते म्हणून आपण मित्राला 'वा वा'ने झाकतो. पण माझ्या मते हे दोन्ही सारखेच. दोघांनीही फिल्म नीट पाहिलेली नसते, किंवा पाहिलेली सांगायची नसते.

टीका कशी करावी याचा माझा आवडता नमुना वर्ध्याशीच जोडलेला आहे. १९३९ साली गांधीजी सेवाग्रामला (तेव्हाचं शेगाव) राहत होते. सिनेमाला त्यांनी जुगार, सट्टा, घोड्यांच्या शर्यती यांच्या पंगतीत बसवलं होतं. तेव्हा पंचविशीतल्या ख्वाजा अहमद अब्बास या पत्रकाराने 'फिल्मइंडिया' मासिकात त्यांना खुलं पत्र लिहिलं. सूर मुलाने बापाला लिहावा तसा. वाईट चित्रपट निघतात हे त्याने नाकारलं नाही. पण चांगले कोणते, ते 'संत तुकाराम', 'धर्मात्मा' अशी नावं घेऊन सांगितलं. आदर सोडला नाही आणि मुद्दाही सोडला नाही. पत्राने गांधीजींचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. १९४४ साली जुहूला त्यांनी विजय भट्टांचा 'रामराज्य' पाहिला, आणि त्यांनी पाहिलेला एकमेव भारतीय चित्रपट म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. म्हणजे टीका आधी झाली, पाहणं नंतर. महात्म्याकडूनही हे होतं, तिथे आपण कोण!

अब्बास मात्र नुसतं लिहून थांबला नाही. १९४६ साली त्याने स्वतः 'धरती के लाल' दिग्दर्शित केला. टीका करणारा टीका झेलायच्या जागी जाऊन उभा राहिला.

झेलणं जास्त अवघड, हेही कबूल. माझ्या मित्राने शेतकऱ्याला पुस्तकी बोलायला लावलं, कारण "बाहेरच्याले समजाले पाहिजे." सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' नावापासून वऱ्हाडी आहे, आणि तो २००९ साली रॉटरडॅमच्या महोत्सवात गेला होता. मी हे तेव्हा सांगितलं असतं तर तो भांडला असता. भांडू दे ना! दोन दिवस भांडून तिसऱ्या दिवशी संवाद बदलले असते. सांगणाऱ्याने नेमका मिनिट सांगावा, आणि बदल करता येईल तेव्हाच सांगावं. ऐकणाऱ्याने लगेच खुलासा देऊ नये. फिल्मसोबत प्रत्येक प्रेक्षकाला समजावून सांगायला तो स्वतः थोडाच जाणार आहे?

काल रात्री त्याने नव्या फिल्मचा रफ कट पाठवला. खाली एकच ओळ: "भारी आहे म्हणू नको."

दोनदा पाहिला. अकरा मुद्दे निघालेत, त्यातले तीन चांगले. संध्याकाळी फोन करणार आहे. खरं सांगतो, थोडी भीती वाटतेय.