पहिल्या तारखेच्या आधीची मदत

नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई कडेवर मूल घेऊन कुटुंब न्यायालयात येते, तेव्हा तिला पहिल्यांदा भेटतो तो आवारातला टायपिस्ट, नाहीतर ‘अर्जाचं बघू आपण, ताई’ म्हणणारा कोणी अनोळखी माणूस. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा तिला हक्क आहे, हे तिला बहुधा दोन-चार तारखा पडल्यावर कळते. तोवर अंगावरचे डोरले गहाण पडलेले असते.

हा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी स्त्रीही यात बसते. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तिच्या आत बसणाऱ्या पुरुषालाही मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा. 15100 या क्रमांकावर विचारणा करता येते.

1984 चा कुटुंब न्यायालय कायदा करताना संसदेच्या मनात वेगळेच चित्र होते. कलम 13 प्रमाणे इथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाने परवानगी द्यायची. माणसाने स्वतः उभे राहून आपले म्हणणे मांडावे, समुपदेशकाने दोघांना समोरासमोर बसवावे, ही कल्पना चांगलीच होती. पण अर्ज, शपथपत्र, उलटतपासणी यांची भाषा मात्र वकिलीच राहिली. समोरच्याकडे वकील आणि आपण एकटे, अशा वेळी कलम 13 दुबळ्याच्या बाजूने उभे राहत नाही.

आणि उशिराची किंमत रुपयांत मोजावी लागते. रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी ठरवून दिले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचे शपथपत्र दाखल करायचे. अर्जच सहा महिने उशिरा गेला, तर त्या सहा महिन्यांची पोटगी सहसा हातची जाते. म्हणून लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, पासबुक आणि मिळाल्यास नवऱ्याची पगारपावती यांची एक फाईल पहिल्याच आठवड्यात तयार हवी. प्रकरण नोंदले गेले की सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. ‘तारीख काय पडली’ एवढे विचारायला रोजगार बुडवावा लागत नाही.

मारहाण होत असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. घडलेल्या प्रकाराचा अहवाल तयार करून तो दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे हे त्याचे काम आहे. तातडीच्या वेळी 181 हा क्रमांक आहे.

हे सगळे शोधण्याचा भार मात्र आज ज्याच्यावर संकट आले त्याच्यावरच टाकलेला आहे, आणि तो तिथून काढला पाहिजे. ज्याच्याविरुद्ध अर्ज झाला त्याला न्यायालयाची नोटीस जाते. तिच्या पहिल्याच पानावर, ठळक मराठीत, मोफत वकील कोणाला मिळतो, अर्ज कोणत्या खोलीत द्यायचा आणि 15100 हा क्रमांक, एवढे छापावे. अर्ज घेऊन येणाऱ्यासाठी हाच मजकूर दाखल खिडकीवर लावावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.