अहवालातील शेवटची ओळ

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एक निवृत्त शिक्षक, वय वर्षे ७१, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तपासण्या करीत होते. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसावर डाग दिसला, म्हणून सीटी स्कॅन झाला. अहवालात ९ मिलीमीटरची गाठ असल्याचे लिहिलेले होते. मुलगा आणि सूनबाई अहवाल घेऊन एकटेच माझ्याकडे आले. रात्रभर मोबाइलवर वाचून दोघांचेही डोळे सुजले होते. "डॉक्टर, बाबांना यातले काही सांगू नका," हे त्यांचे पहिले वाक्य.

मी त्यांना एवढेच विचारले, "याआधी कधी छातीचा सीटी झाला होता का?"

२०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत झाला होता. दुसऱ्या दिवशी कपाटातून ती सीडी आणि अहवाल निघाला. करोनाचा उल्लेख वरच होता, तेवढाच त्या वेळी सर्वांनी वाचला. शेवटच्या ओळीत मात्र हीच गाठ नोंदवलेली होती. जागा तीच, आकारही तोच. क्ष-किरणतज्ज्ञांनी दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून पाहिले आणि गाठीत काहीही बदल नसल्याचे कळवले. भरीव गाठ दोन वर्षे जशीच्या तशी राहिली, तर ती बहुधा निरुपद्रवी मानली जाते. येथे तर त्याहून अधिक काळ लोटला होता.

वाचकहो, 'नोड्यूल' म्हणजे फुफ्फुसातील ३ सेंटिमीटरपर्यंतची लहान, गोलसर गाठ. आपल्याकडे 'गाठ' हा शब्द ऐकताच मनात कर्करोगच येतो. परंतु स्कॅनमध्ये योगायोगाने सापडणाऱ्या लहान गाठींपैकी बहुसंख्य कर्करोगाच्या नसतात. जुन्या क्षयरोगाचा वा अन्य संसर्गाचा भरून आलेला व्रण हे आपल्या देशातील त्यांचे एक नेहमीचे कारण. शरीरावर जखमेची खूण राहावी, तशीच ही आतली खूण.

मग धोक्याची गाठ ओळखायची कशी? डॉक्टर प्रथम आकार पाहतात. ६ मिलीमीटरपेक्षा लहान भरीव गाठीत कर्करोगाची शक्यता फारच कमी असते. ६ ते ८ मिलीमीटरच्या गाठीसाठी साधारणतः ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. ८ मिलीमीटरहून मोठी असेल, तर तीन महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन किंवा बायोप्सी यांचा विचार होतो. आकारानंतर कडा पाहतात : गुळगुळीत कडा दिलासा देतात, काटेरी कडा शंका वाढवतात. गाठीच्या मध्यभागी कॅल्शियम साठलेले असेल, तर ती बहुधा जुनी व निरुपद्रवी असते. याउलट काचेवर धुके साचावे तशी अंधूक दिसणारी गाठ अतिशय संथपणे वाढू शकते. म्हणून तिच्यावर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे लागते.

गाठीइतकेच महत्त्व माणसाला असते. वाढते वय, विडी-सिगारेटचे व्यसन, कुटुंबात फुफ्फुसाचा कर्करोग, ॲस्बेस्टॉसच्या धुळीत केलेले काम, या गोष्टींनी शंका बळावते. ज्यांना पूर्वी कर्करोग झाला आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली आहे, त्यांना वरील मुदती लागू होत नाहीत. त्यांनी लगेच तज्ज्ञांना भेटावे.

या विषयात दोन टोकाच्या चुका होतात. पहिली, प्रत्येक डागाला कर्करोग समजणे. दुसरी, प्रत्येक डागाला क्षय समजणे. बेडक्याची तपासणी न करता, केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करून वाट पाहत बसलो, तर कर्करोगाच्या रुग्णाचे मोलाचे महिने वाया जातात. पेट स्कॅनही येथे अंतिम निर्णय देत नाही. क्षयाची सक्रिय गाठदेखील त्यात कर्करोगासारखीच उजळते. अशा वेळी सुईने किंवा दुर्बिणीतून तुकडा काढून तपासणे हाच खरा पुरावा. सुईच्या तपासणीत फुफ्फुसाभोवती हवा साठण्याचा किंवा थोडा रक्तस्राव होण्याचा संभव असतो. म्हणून ती रुग्णालयातच करतात. 'सुई लागली की कर्करोग पसरतो' या समजुतीपायी मात्र ती टाळू नये.

गाठ कर्करोगाची निघाली आणि तो लहान असतानाच सापडला, तर फुफ्फुसाचा तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढून रोग बरा होऊ शकतो. शस्त्रक्रिया सोसणार नाही अशांना नेमक्या जागी किरणोपचार देता येतात. मात्र रुग्ण ८५ वर्षांचा असेल, हृदय दुर्बल असेल, तर लहान गाठीचा पाठपुरावा करायचा की नाही, हेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. तो निर्णय रुग्णाच्या इच्छेला मान देऊन व्हावा, आणि त्यासाठी त्याला आजाराची कल्पना असावी लागते.

एक आठवण मात्र मला अद्याप बोचते. विडी ओढणारे एक गृहस्थ. अहवालात 'तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा' असे लिहिले होते. ना खोकला, ना ताप. म्हणून अहवाल कपाटात गेला. दीड वर्षाने बेडक्यातून रक्त पडू लागले, तेव्हा ते आले. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. लहान गाठ दुखत नाही, खोकत नाही. त्रास नाही म्हणून तारीख चुकवणे, हाच तिचा खरा धोका.

म्हणून घरातील ज्येष्ठांचे सर्व एक्स-रे, सीडी आणि अहवाल एकाच पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवा. अहवालाची शेवटची ओळ डॉक्टरांकडून समजून घ्या. पुढील स्कॅनची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा, आणि शक्यतो त्याच केंद्रात स्कॅन करा. तुलना सोपी जाते. विडी-सिगारेट कोणत्याही वयात सोडली, तरी लाभच होतो.

शिक्षकांना अखेर मीच सारे सांगितले. शांतपणे ऐकून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चार दिवस घरात सगळे कुजबुजत होते. मला वाटले, माझे आता काही खरे नाही. हे आधीच सांगितले असते, तर ती सीडी मीच काढून दिली असती. ती माझ्याच कपाटात होती."