कूस बदलायला हात हवेत

लकवा मारलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाडाशी, खुब्याला, टाचांना आधी लाली येते, मग कातडी फाटते, मग खड्डा पडतो. वॉर्डात त्याला आम्ही बेडसोअर म्हणायचो. ३४ वर्षं सरकारी रुग्णालयांत काढून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. आजही एखादा वॉर्ड कसा चाललाय ते पाहायचं झालं, तर मी आधी पडून असलेल्या पेशंटची पाठ बघेन.

मेडिसिनच्या वॉर्डातली एक रात्र डोक्यातून जात नाही. खाटा ४०, पेशंट ६०, वरचे २० जमिनीवर गादी टाकून. रात्रपाळी आठ ते आठ. सिस्टर मी एकटी, आणि एक मावशी, तीही दोन वॉर्डांत वाटलेली. बारा तासांची मिनिटं ७२०, म्हणजे माणशी १२ मिनिटं. तीही मी घोटभर पाणीसुद्धा प्यायले नाही तर. त्यातच सलाईन, इंजेक्शनं, ताप-नाडी-श्वासाच्या नोंदी, केसपेपर. साडेबाराला कीटकनाशक प्यायलेला एक पोरगा आला. अशा पेशंटला पुन्हा पुन्हा अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, दर वेळी बाहुल्या आणि नाडी बघून. मी पहाटेपर्यंत त्याच्याजवळून हलले नाही. पोरगा वाचला. मात्र कोपऱ्यातल्या लकव्याच्या आजींची कूस मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत कुणी बदलली नाही. तक्त्यात त्या वेळा मी कोऱ्याच ठेवल्या. पुढच्या पाळ्यांनाही एकेकटीच सिस्टर होती. तिसऱ्या दिवशी आजींच्या मुलाने चादर बाजूला करून विचारलं, “सिस्टर, आईच्या पाठीला हे काय झालं?” उत्तर मला माहीत होतं. ड्रेसिंग करू, एवढंच मी म्हणाले.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिघांमागे एक. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांमधल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला होता. परिचारिकेवर एका जास्तीच्या पेशंटचा भार पडला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण महिनाभरात दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तिथे एकेक पेशंट मोजला जातो. त्या रात्री माझ्याकडे निकषापेक्षा ५५ जास्त होते.

हात असले तर काय होतं, हेही याच महाराष्ट्राने पाहिलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला. २०१५ मध्ये त्या गेल्या, तोवर जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयातल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून असूनही त्यांना बेडसोअर नव्हता, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आहे. ही माया होतीच. पण माया करणाऱ्या सिस्टरा एकामागून एक पाळीवर येत होत्या, हेही खरं.

सरकारी दवाखान्यात काही विपरीत घडलं, की बोट आधी सिस्टरकडे जातं. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले, तेव्हा अटक झालेल्या चौघींत तीन परिचारिका होत्या. चुकलेल्या सिस्टरला शिक्षा होऊ नये असं मी म्हणत नाही. पण तिच्या शेजारची जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवणाऱ्याची चौकशी झालेली मी नोकरीत एकदाही पाहिली नाही. भरती निघते तीही बहुधा कंत्राटी. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आलेली मुलगी वॉर्डाची सवय होईतो दुसरीकडे चांगली नोकरी बघते, आणि तिने जावंच. पोट तिलाही आहे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर एक फळा लावा. दर पाळीला त्यावर दोन आकडे खडूने लिहा: आज पेशंट किती, सिस्टर किती. खासगी रुग्णालयांनाही हे बंधनकारक करा. तोवर हे काम तुमच्याकडे आहे. आपल्या माणसाला भेटायला जाल तेव्हा खाटा मोजा, सिस्टर मोजा, आणि ते आकडे तिच्या तोंडावर न फेकता तुमच्या आमदाराला लिहून पाठवा.