सुर्जीचा दुसरा तह

सोमवार सकाळ. चार दिवसांचा लाँग वीकएंड संपवून पुण्याच्या फ्लॅटवर परत आलो. बॅग सोफ्यावर फेकली, चहा ठेवला आणि बाल्कनीचं दार उघडलं. जाळीत एक पारवा लटकत होता. पंख दोऱ्यात गुंतलेले, मान खाली. मेलेला.

जाळी मीच लावून घेतली होती. तीन जणांनी रेट दिले, त्यातला सगळ्यात स्वस्त मी निवडला. लावणारा 'फुल गॅरंटी' म्हणाला आणि मीही फार खोलात गेलो नाही. सहा महिन्यांत जाळी खालच्या बाजूनं सैल पडली. ती फट मला दिसत होती, पण 'बघू पुढच्या रविवारी' करत राहिलो. पारव्यानं पुढच्या रविवारची वाट पाहिली नाही. तो खालून आत शिरला आणि त्याला बाहेर पडता आलं नाही. कात्रीनं एकेक दोरा कापून त्याला सोडवलं आणि ऑफिसला सुट्टी टाकली. बॉसला कारण सांगितलं, 'बरं वाटत नाहीये'. ते खोटं नव्हतं.

(पारवा म्हणजे आपलं कबुतरच. आम्ही वऱ्हाडातले लोक पारवाच म्हणतो.)

त्या दिवशी ठरवलं की यापुढे जाळी-बिळी काही नाही. बसू देत बिचारे. हा निर्धार बरोबर तीन आठवडे टिकला.

खोकला

अंजनगाव सुर्जीहून आईचा फोन आला. बाबांचा कोरडा खोकला दोन महिने हटत नव्हता, जिना चढताना धाप लागत होती. अमरावतीला तपासण्या झाल्या, छातीचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, "घरात कबुतरं आहेत का?"

आहेत का? आमच्या सुर्जीच्या घराला जुनी सागवानी माडी आहे आणि त्या माडीत माणसांपेक्षा पारव्यांचा मुक्काम जास्त जुना आहे. बाबांची झोपायची खोली बरोबर तिच्या खाली. रोज सकाळी गच्चीवर आईची ओंजळभर ज्वारी पडते. हा नेम तीस वर्षांचा.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. पारव्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी हवेत मिसळते. ती वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की काही जणांची फुप्फुसं त्यावर बिथरतात, सुजतात. वेळेत तिथून दूर झालं तर फरक पडू शकतो. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात आणि ते मागे फिरत नाहीत. औषध आहेच, पण पहिलं औषध म्हणजे पक्षी आणि माणूस वेगळे करणं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "पारव्यायचं काय घेऊन बसला बे? माह्या आज्याच्या टायमापासून हायेत ते!"

आई काहीच बोलली नाही. तिला माहीत होतं, ज्वारी तिनंच टाकली होती.

एका बाजूला पुण्याच्या जाळीतला पारवा आणि दुसऱ्या बाजूला बाबांची धाप. दोघांपैकी कोणालाही न मारता हे सुटायला हवं होतं. थोडक्यात काय, तह करायला हवा होता. तहांशी आमच्या गावाचं नातं तसं जुनं. गाविलगड पडल्यावर ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह इथंच झाला, इतिहासात तो सुर्जी-अंजनगावचा तह म्हणूनच आहे. समोर होता आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. आमच्या समोर होते चौदा पारवे. आमचं काम सोपं नव्हतं!

कलम पहिलं : त्याला काय हवंय ते ओळखा

पारव्याचे पूर्वज कड्याकपारीत राहणारे. त्याच्या लेखी आपली बिल्डिंग म्हणजे एक उंच कडा, खिडकीवरचा छज्जा म्हणजे कपार आणि एसीच्या आउटडोअर युनिटमागची जागा म्हणजे थ्री बीएचके. त्याचं तुमच्याशी वैर नाही. त्याला पाय टेकायला चार इंच सपाट जागा हवी, वर थोडा आडोसा हवा आणि जवळपास दाणे हवेत. या तीन गोष्टी काढून घेतल्या की तो स्वतःच उठून जातो.

आपण नेमकं उलटं करतो. जागा आणि दाणे तसेच ठेवतो आणि पक्ष्याला घाबरवत बसतो. प्लॅस्टिकचं घुबड, लटकवलेल्या सीडी, चमकणाऱ्या पट्ट्या, हे सगळे फंडे चार-आठ दिवसांचे. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, बुजगावणं एकाच जागी उभं राहिलं की पाखरं त्याच्याच डोक्यावर बसतात. 'अल्ट्रासॉनिक' मशीनवर तर पैसे घालवूच नका. माणसाला ऐकू न येणारा तो आवाज पारव्यालाही ऐकू येत नाही. आणि चिकट जेल? त्याला लहान पक्षी चिकटून मरतात आणि आपल्याकडच्या धुळीत ते लवकरच निकामी होतं. ते नकोच.

कलम दुसरं : पिल्लं असतील तर थांबा

माडीत चढलो तर एका देवळीत दोन पिल्लं. अंगावर पिसं फुटायला लागलेली, चोची मोठ्या, दिसायला अजिबात गोड नाहीत.

पारवा साधारण दोन अंडी घालतो. ती अठराएक दिवसांत फुटतात आणि पिल्लं चार-पाच आठवड्यांत उडतात. या काळात वाट बंद केली तर पिल्लं आत उपाशी मरतात, आई-बाप बाहेर धडका देत राहतात आणि आठवड्याभरात वास सुटतो. त्यामुळे पहिलं काम घरटं तपासणं. नुसत्या काड्या असतील तर लगेच काढा. अंडी-पिल्लं असतील तर कॅलेंडरवर खूण करा आणि थांबा.

आम्ही बाबांना काकांकडे अमरावतीला पाठवलं. ते तिथं चिडचिड करत राहिले आणि मी सुर्जीत लॅपटॉप उघडून वर्क फ्रॉम होम करत राहिलो. सतराव्या दिवशी दुसरं पिल्लू उडालं. मी क्लायंट कॉलवर होतो, म्यूट करून टाळी वाजवली.

कलम तिसरं : आधी ओलं, मग साफ

कोरड्या विष्ठेवर झाडू मारणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि आपण सगळे तीच करतो. धूळ उडते आणि थेट छातीत जाते. साबणाचं पाणी फवारून सगळं नीट भिजू द्या. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, खरवडून पिशवीत बांधा. ज्याला दमा किंवा धाप आहे त्याला त्या दिवशी घरात ठेवू नका. आमच्या माडीतून पाच पोती निघाली. तीस वर्षांची थकबाकी!

कलम चौथं : सपाट जागा मोडा

हे मला गावातल्या टिनाचं काम करणाऱ्या मिस्त्रीनं एका वाक्यात शिकवलं. "भाऊ, पारव्याले बसाले सपाट जागा लागते. ते मोडली का काम झालं."

छज्जावर त्यानं टिनाचा उतार बसवला, पंचेचाळीस अंशांपेक्षा जरा जास्तच. पारवा उतरतो, पाय घसरतात, दोनदा प्रयत्न करतो आणि निघून जातो. त्याला काही लागत नाही. भिंतीच्या रंगाचा हात मारला की खालून बघणाऱ्याला तो बांधकामाचाच भाग वाटतो.

कठडा आणि पाइपसारख्या अरुंद जागांसाठी स्प्रिंगवर ताणलेली स्टीलची बारीक तार मिळते. पक्षी बसला की ती डुगडुगते, त्याला तोल सापडत नाही. खालून तर ती दिसतही नाही. काट्यांच्या पट्ट्या सगळ्यांना माहीत आहेत. बोथट टोकांच्या असतील तर त्या इजा करत नाहीत, पण दिसायला कुरूप आणि पक्षीही काही कमी नाहीत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की कावळे आणि मॅगपाय हे काटे उपटून चक्क आपल्या घरट्यांना लावतात. घ्या!

कलम पाचवं : जाळी, पण ताठ

इथं माझा हात अडखळत होता. पुण्याचा तो पारवा डोळ्यांसमोरून जात नव्हता.

पण दोष जाळीचा नव्हता, सैलपणाचा होता. जाळी आधी चौकटीभोवती ताणलेल्या तारेवर बसवायची आणि मग तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ ओढायची. कडेला कुठेही फट नको. ताठ जाळीवर पक्षी आपटून परत फिरतो, सैल जाळीत गुंततो. महिन्यातून एकदा हातानं दाबून बघा, लोंबत असेल तर त्याच दिवशी ओढा. 'पुढचा रविवार' नाही. एक कोपरा उघडता येईल असा ठेवा, म्हणजे चुकून कोणी आत आलंच तर सोडता येतं.

ती दिसू नये म्हणूनही युक्ती आहे. जाळी खांबांच्या बाहेरून नाही, आतून लावायची आणि रंग मागच्या अंधाराशी जुळणारा घ्यायचा. आमच्या माडीच्या नक्षीदार खांबांमागे काळी जाळी आहे, गल्लीतून सांगितल्याशिवाय दिसत नाही.

आता भोकांचा हिशेब. पारव्यासाठी ५० मिलिमीटरची जाळी पुरते, तिच्यातून चिमणी आरामात ये-जा करते. फ्लॅटमध्ये बहुतेकांना हीच योग्य. चिमणीही नको असेल तर १९ मिलिमीटरची. डॉक्टरांनी बाबांच्या खोलीच्या वर 'कोणताच पक्षी नको' सांगितलं होतं, म्हणून आम्ही बारीक घेतली. आई बघत उभी होती. "म्हंजे चिमन्याबी गेल्या," एवढंच म्हणाली.

कलम सहावं : दाणे

तहातलं सगळ्यात अवघड कलम हेच, आणि ते आईसोबत करायचं होतं.

२०२५ च्या जुलैमध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचं सरकारनं विधिमंडळात जाहीर केलं, हायकोर्टानंही कडक भूमिका घेतली आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला. ६ ऑगस्टला जमावानं ती ताडपत्री ओढून काढली. टीव्हीवर ते बघताना मला लोक अडाणी वाटले होते. आईच्या समोर बसल्यावर तसं वाटेना. तिच्यासाठी ती ज्वारी म्हणजे देवपूजेतलाच एक भाग होता.

"मी कोनाले उपाशी ठेवू? तूच सांग बाबू."

मी तिला स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराची गोष्ट सांगितली. तिथं १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली, तरी शहरातली संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली. जेवढी मारली तेवढी नवी जन्माला आली, कारण दाणे तेवढेच पडत होते. मग १९८८ पासून त्यांनी लोकांना समजावलं, दाणे कमी करा. सोबत देखरेखीखाली खुराडी ठेवली, त्यातली अंडी काढून घेतली. चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली. दाण्यांवर वाढतात ती जास्तीची पिल्लं, गर्दी आणि आजार. दाणे हळूहळू कमी केले की पारवे रानात, शेतात आपलं आपण शोधतात.

म्हणून एकदम बंद केलं नाही. ओंजळीची मूठ झाली, मुठीची चिमूट, तीन आठवड्यांत शून्य. शेजारच्या दोन घरांनाही सांगितलं. नाहीतर होतं काय, आपला पारवा त्यांच्या छज्जावर जातो आणि आपण म्हणतो प्रॉब्लेम सॉल्व्ह! सोसायटीत राहणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. एकट्यानं जाळी लावणं म्हणजे पारवा वरच्या मजल्यावर फॉरवर्ड करणं. हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्येच घ्या.

तहानंतर

बाबा घरी परतले. खोकला बराच कमी आहे, जिना चढताना अजून मध्ये एकदा थांबतात. जे गेलं ते सगळं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आम्ही उशीर केला. तुमच्या घरात कोणाचा कोरडा खोकला लांबत असेल तर डॉक्टरांना खिडकीतल्या पारव्यांबद्दल स्वतःहून सांगा, त्यांच्या प्रश्नाची वाट पाहू नका.

१८०३ च्या तहात शिंद्यांनी मोठा मुलूख गमावला. आमच्या तहात पारव्यांनी एक माडी गमावली, ती त्यांना दुसरीकडे मिळाली. मी एक दिवाळी बोनस गमावला. खरं गमावलं आईनं. तीस वर्षांची सकाळ.

परसात अगदी टोकाला, विहिरीजवळच्या कडुनिंबावर, खोल्यांपासून लांब, मी जाताना एक लाकडी खोकं टांगून आलो होतो. त्याचं भोक सव्वा इंच, म्हणजे पारवा शिरूच शकत नाही. आई म्हणाली होती, "पाहू."

गेल्या आठवड्यात मीटिंग चालू असताना तिचा फोन आला. मी घाबरून बाहेर जाऊन उचलला.

"चिमन्या आल्या रे बाबू. दोन हायेत."

पुण्याच्या बाल्कनीत या रविवारी नवी जाळी लागली. पन्नास मिलिमीटरची, ताठ. लावून झाल्यावर मी ती चारही कोपऱ्यांत हातानं दाबून बघितली.