मे महिन्यातली श्रीलंका

दिवाळी उरकली की आपल्या ऑफिसांतून उन्हाळी सहलींची पत्रकं छपाईला जातात. श्रीलंकेच्या पानावर ठरलेला मार्ग असतो: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि शेवटी बेंटोटाच्या किनाऱ्यावर दोन रात्री. निळ्याशार समुद्राचा फोटो जानेवारीतला, पर्यटक मात्र जाणार मे महिन्यात!

या बेटावर दोन पावसाळे असतात. साधारण मेपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर येतात; डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडचे वारे पूर्व किनारा भिजवतात. मधल्या डोंगरांमुळे एका अंगाला समुद्र खवळलेला असताना दुसऱ्या अंगाला तो शांत असतो. एवढ्याशा देशात वर्षभर कुठे ना कुठे पोहता येतं, आणि नेमकं हेच आपण गिऱ्हाइकाला सांगत नाही.

शाळांच्या सुट्टीत बेंटोटाला लाल बावटा बघत बसण्यापेक्षा त्रिंकोमाली गाठावं. जवळच्या निलावेलीला पाणी हळूहळू खोल होत जातं. समोर पिजन आयलंडभोवती प्रवाळ आहे. ज्येष्ठांसाठी समुद्रात घुसलेल्या कड्यावरचं कोनेश्वरम मंदिर आहेच. सिगिरिया बघून तिथून पुढे जेमतेम शंभर किलोमीटर, म्हणजे मार्ग फारसा वाकडाही होत नाही. पूर्वेला दक्षिणेइतकी हॉटेलं नाहीत, तेव्हा मोठ्या ग्रुपच्या खोल्या आधीच धरून ठेवाव्या लागतील. मिरिस्साचे देवमासे आणि गॉलचा किल्ला नाताळच्या सहलीसाठी राखावेत.

आणखी दोन गोष्टी टूर मॅनेजरच्या कानावर घाला. पौर्णिमेला तिथे 'पोया'ची सुट्टी असते, दारूविक्री बंद. मेमधली वेसाक पौर्णिमा, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, मुद्दाम साधण्यासारखी. रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात. दुसरी गोष्ट जेवणाची. आप्प्यांसोबत येणारं पोल सांबोल दिसायला थेट आपली ओल्या खोबऱ्याची चटणी, पण त्यात बहुतेकदा उंबलकड, म्हणजे सुक्या माशाचा चुरा असतो. 'व्हेज' एवढंच सांगून भागत नाही; 'उंबलकड नको' असं स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवावं लागतं. ताटात मासा निघाल्यावर सिगिरियाची भित्तिचित्रं कोणाच्या लक्षात राहणार?

यंदाचं पत्रक छपाईला देण्याआधी श्रीलंकेचं पान एकदा उघडा आणि मे महिन्याच्या तारखांपुढचं बेंटोटा खोडून तिथे त्रिंकोमाली लिहा.