चौकटीतला राजपुत्र

हैदराबादेतील मे महिन्याच्या दुपारी मुलांना उन्हात सोडवत नाही. अशा वेळी आपल्या बालपणीचा संगणकावरील खेळ त्यांना दाखविण्याचा मोह पालकांना होतो. जॉर्डन मेकनर यांचा १९८९ सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घ्या. अंधारकोठडीतून निघून साठ मिनिटांत राजकन्येला सोडवावयाचे, ही त्यातील अट.

आपल्याकडे रुळली ती त्याची ‘डॉस’वरील आवृत्ती. डॉसवर एका वेळी बहुधा एकच काम चाले. म्हणून खेळाने सबंध पडदा व्यापणे स्वाभाविक होते. आजच्या विंडोजवर तो चालविण्यासाठी ‘डॉसबॉक्स’ ही विनामूल्य आज्ञावली लागते. खेळ पडदाभर पसरलाच, तर ‘ऑल्ट’ व ‘एंटर’ या कळा एकत्र दाबाव्यात. तो चौकटीत येतो. मूळ चित्र अवघे ३२० बाय २०० बिंदूंचे. मोठ्या पडद्यावर ताणले की ते भरड दिसते, लहान चौकटीत रेखीव.

परंतु खरा लाभ निराळाच आहे. राजपुत्राची साठ मिनिटे खेळ मोजतो. मुलाची कोणी मोजावयाची? पडदा भरला की मुलाचे भान हरपते, आणि मग हाका, दटावणी, रडारड ठरलेली. चौकटीबाहेर, पडद्याच्या कोपऱ्यात, संगणकाचे घड्याळ दिसत राहते. वेळ आधी ठरवून द्यावी आणि ती पाहून उठण्याचे काम मुलावरच सोपवावे. शिस्त लावण्याहून ती लागू देणे अवघड. पण टिकते तीच.