दिल्या घरची लेक

माहेर या शब्दाइतका मऊ शब्द मराठीत क्वचितच दुसरा असेल. जात्यावरच्या ओव्यांनी त्याला ओलावा दिला. संतांनी तर पंढरीसच माहेर मानले. हाच शब्द पुण्याजवळच्या वढू बुद्रुक येथे, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला वंद्य झालेल्या गावी, १९९७ साली एका कॅथलिक धर्मभगिनीने आपल्या आश्रयगृहास दिला. सिस्टर ल्युसी कुरियन या केरळातील कण्णूर जिल्ह्याच्या. बाराव्या वर्षी शिक्षणासाठी त्या मुंबईस आल्या आणि पुढे होली क्रॉस भगिनींच्या संघात दाखल झाल्या. ज्या भाषेत त्या जन्मल्या नाहीत, तिच्यातला नेमका हा शब्द त्यांनी उचलावा, यामागे एक दारुण हकीगत आहे.

१९९१ साली एक गरोदर स्त्री त्यांच्या मठाच्या दाराशी आली. नवऱ्यापासून जिवास धोका आहे, मला थारा द्या, एवढेच तिचे मागणे होते. मठात परक्या स्त्रीस ठेवून घेण्याची मुभा नव्हती. तेव्हा दुसऱ्या दिवशी काही व्यवस्था करू असे सांगून सिस्टरांनी तिला परत पाठविले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. किंकाळ्या ऐकून सिस्टर धावल्या, तिला इस्पितळात घेऊन गेल्या. परंतु ती वाचली नाही, आणि तिच्या पोटातले मूलही वाचले नाही. ही गोष्ट सिस्टर स्वतःच सांगत आल्या आहेत, आणि तीत आपली बाजू सावरून धरण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केलेला नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, पुण्यातील जेझुइट विद्वान फादर फ्रान्सिस डिसा यांच्या पाठबळाने, पहिले घर उभे राहिले. तेथे नुसते छप्पर मिळत नाही. आईबरोबर आलेल्या मुलांना शाळेत घातले जाते, बायकांना हाताला काम शिकविले जाते, आणि धर्म वा जात हा प्रवेशाचा निकष नाही. सण सर्वांचे होतात. पुण्याच्या स्मरणशक्तीस हा तपशील महत्त्वाचा वाटावा. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी येथेच फसविल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० साली येथे आले आणि १८९३ साली धर्मांतराच्या वादळात सापडले. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्या वादळातला संशय अद्याप पुरता निवालेला नाही. सेवेकरी ख्रिस्ती दिसला की आमच्यातले काही जण आधी त्याचा हेतू विचारतात, काम मागाहून पाहतात. हेतू खुशाल तपासावा. मात्र ज्यांनी स्वतःच्या लेकीला दारातून परत धाडले, त्यांना तो विचारण्याचा अधिकार किती, हेही तपासावे.

कारण खरे दुखणे तेथे आहे. लग्न लावून दिले की ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून आम्ही मोकळे होतो. अंगावर वळ घेऊन आलेल्या मुलीला चार दिवस ठेवून, समजूत घालून, पुन्हा तिकडेच पोहोचविणारे बाप काही केवळ खेड्यांत नाहीत. सदाशिव पेठेतही आहेत आणि कोथरुडातही. त्यांना आपण सोशिक व समंजस म्हणतो!

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. पीडित स्त्रीने मागणी केल्यास आश्रयगृहाच्या प्रमुखाने तिला आश्रय दिलाच पाहिजे, असे त्याचे सहावे कलम सांगते. आणि घटनेचा अहवाल आधी नोंदविलेला नाही या सबबीवर तिला नाकारता येणार नाही, असा नियमही आहे. हा नियम शहरातील किती पोलीस चौक्यांत ठाऊक आहे? तो मराठीत, ठळक अक्षरांत प्रत्येक चौकीच्या व सरकारी दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर लावावा, आणि रात्री आलेल्या बाईस कोणत्या दारी न्यावयाचे तो पत्ता त्याखाली लिहावा, अशी आमची पोलीस आयुक्तांकडे व महानगरपालिकेकडे मागणी आहे.